देह शॉकअप कसा करावा : नगर-मनमाड रस्त्यावरच्या नवशिक्यांसाठी

अभिनंदन! नगरहून मनमाडला रस्त्यानं जायचं तुम्ही ठरवलंत, म्हणजे घरच्यांनी घातलेली समजूत तुम्ही मनावर घेतली नाही. असा हट्ट विद्यार्थ्यात लागतोच. विळद, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी, कोपरगाव, येवला आणि मग मनमाड असा सुमारे दीडशे किलोमीटरचा हा वर्ग आहे. त्यातला शिर्डीपर्यंतचा पट्टा राष्ट्रीय महामार्ग १६० म्हणून ओळखला जातो. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं आणि पाट्या बदलल्या. खड्ड्यांनी मात्र आपली जुनी ओळख सोडलेली नाही.

प्रवास सुखाचा व्हावा, हा या मार्गदर्शिकेचा हेतू नाही. सुख हवं असेल त्यानं दौंड-मनमाड लोहमार्गावरची एखादी गाडी पकडावी. आपल्याला दोलन, अवमंदन आणि अनुनाद हे भौतिकशास्त्राचे तीन धडे मणक्यांकरवी पाठ करायचे आहेत. पुस्तकातून शिकलेलं परीक्षेनंतर विसरतं. माकडहाडातून शिकलेलं पावसाळी हवा सुटली की आपोआप आठवतं.

साहित्य : एक पाठ (वापरलेली चालेल), एसटीचं तिकीट किंवा मोटारसायकल, कमरेचा पट्टा, आणि भरपूर वेळ. निघण्यापूर्वी पोटभर मिसळ खाऊ नये. खाल्लीच असेल तर खिडकीची जागा धरावी. शेजाऱ्यावर उपकार होतील.

पाठ १ : आधी गाडी दाबून बघा

उभ्या गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबा आणि सोडून द्या. गाडी वर येऊन जागच्या जागी बसली, तर शॉकअप शाबूत आहे. तीन-चार वेळा वरखाली डोलली, तर शॉकअपनं राम म्हटला आहे. जुनी गाडी घ्यायला गेला असाल तर मालक चहा सांगायला आत गेल्यावर ही चाचणी उरकावी.

गाडी ज्या तालात डोलते तोच तिचा स्वभाव. प्रत्येक गाडी दाबून सोडली की ठरावीक तालातच हलते. मोटारगाडी साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा. स्प्रिंग जितकी कडक तितका ताल जलद, वजन जितकं जास्त तितका तो संथ. स्प्रिंगला गचका पचवता येत नाही. ती फक्त उसनवारी करते आणि घेतलेलं सगळं तुम्हालाच परत देते. ते देणं बुडवायला शॉकअप लागतो. त्याच्या नळकांड्यात तेल असतं, दट्ट्या ते बारीक भोकांतून रेटतो, आणि गचक्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. यालाच अवमंदन म्हणतात. तेल गळून गेलं की अवमंदन संपतं आणि उसनवारी उरते.

एक गोष्ट आताच लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक पाठात लागेल : गचक्याची ऊर्जा कुणालातरी पचवावीच लागते. रस्त्यानं नाही तर टायरनं, टायरनं नाही तर शॉकअपनं, शॉकअपनं नाही तर सीटच्या गादीनं. गादीतला फोम कुणी कुरतडून नेला असेल, तर पाळी कुणाची, हे तुम्ही हुशार असल्यानं सांगत नाही.

पाठ २ : जागा निवडा

एसटीत शिरताच सरळ मागच्या लांब बाकाकडे जा. तिथं जागा का रिकामी आहे, असा प्रश्न विचारू नका. नवशिक्यानं प्रश्न विचारायचे नसतात. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की बस पुढून मागे डुलते. क्षणभरानं मागचं चाक त्याच खड्ड्यात जातं आणि डुलणं, उसळणं दोन्ही एकत्र तुमच्या वाट्याला येतं. दोन्ही चाकांच्या मधल्या सीटवर बसणारे लोक या विद्येला कायमचे मुकतात.

हे डुलणं कमी करण्याची युक्ती मॉरिस ऑली या अभियंत्यानं १९३०च्या दशकात अमेरिकेत दाखवून दिली : मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी जलद तालाची ठेवा, म्हणजे उशिरा उसळलेली मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट राहते. मात्र हे गणित ठरावीक वेगाला आणि धड स्प्रिंगला जमतं. कमानीतला एखादा पाटा तुटलेला असेल, तर ऑलीसाहेबांनाही मागच्या बाकावरच बसवावं.

रिकामी बस मिळाली तर सोडू नका. मालट्रक आणि बसच्या कमानी भरल्या वजनाच्या हिशेबानं कडक केलेल्या असतात. गाडी रिकामी असली की ताल जलद होतो आणि प्रत्येक दगड नावानिशी कळतो. यात्रेच्या दिवसात दाटीवाटीनं भरलेली शिर्डीची बस मऊ चालते, त्याचं श्रेय साईबाबांइतकंच प्रवाशांच्या वजनालाही आहे.

पाठ ३ : नेमका वेग धरा

हा या विद्येचा गाभा आहे. सगळ्यांत मोठी उसळी हवी असेल तर कितीनं गाडी हाकावी? वही काढा.

समजा, खड्डे सहा मीटरच्या अंतरानं आहेत आणि गाडीचा ताल सेकंदाला दीड आहे. सहा गुणिले दीड, नऊ. म्हणजे सेकंदाला नऊ मीटर, ताशी सुमारे ३२ किलोमीटर. या वेगाला प्रत्येक खड्डा गाडीला तेव्हाच गाठतो जेव्हा ती स्वतःहून खाली यायला निघालेली असते. तुमच्या तालात त्याचा ताल मिसळला की उसळी वाढत जाते. हाच अनुनाद. शॉकअप धड असेल तर ती रस्त्याच्या उंचसखलपणाच्या दुपटीच्या आसपास थांबते. शॉकअप मेलेला असेल तर पाचपटीपर्यंत मजल जाते. जपून, सांभाळून, बेतानं ३२ वर चालवणारे काका-मामा गाडीत सगळ्यांत जास्त का आदळतात, हे आता तुम्हाला कळलं. त्यांना सांगू नका. त्यांचा रस्त्यावरचा विश्वास उडेल.

वेग अनुनादाच्या १.४ पटीच्या वर, म्हणजे इथं ४६च्या पुढे गेला, की गाडीचं अंग रस्त्यापेक्षा कमी हलू लागतं. 'ताणून न्या, मग काही जाणवत नाही' म्हणणारी राहुरी फाट्यावरची पोरं भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं बरोबर आहेत. फक्त गाडीचं अंग शांत असताना चाकं खाली स्वतंत्रपणे थडथडत असतात. त्यांचा ताल सेकंदाला दहा-बारा असतो, आणि थडथडणारं चाक रस्ता सोडून हवेत असलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही सल्लागार मंडळात जातात. या पद्धतीनं गेलेल्यांपैकी काही जण पुढचा पाठ वाचायला परत आलेले नाहीत.

पाठ ४ : खड्ड्यांची वंशावळ पाठ करा

खड्डे कुठंही पडतात, असं अडाणी लोक मानतात. तुम्ही मानू नका. पहिला खड्डा पावसाचं पाणी आणि कच्चा थर मिळून जन्माला घालतात. त्यात मालट्रकचं चाक आदळतं, ट्रक उसळतो आणि आपल्या तालानं काही मीटर पुढे पुन्हा दाण्‌कन खाली येतो. ताल सेकंदाला तीन आणि वेग ताशी ५४ धरला, तर बरोबर पाच मीटरवर. दिवसभरात शेकडो ट्रक जवळपास त्याच जागी आपटले की तिथं दुसरा खड्डा पडतो. दुसऱ्यातून तिसरा. म्हणून ही रांग अंतर राखून बसलेली असते. ट्रकनीच आपला ताल डांबरावर कोरून ठेवलेला असतो आणि पुढचा ट्रक त्याच अनुनादात सापडतो.

ओझ्याचाही एक नियम आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून पाहिले. तेव्हा दिसलं की आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट न होता साधारण सोळापट होते. वजनकाट्यावर 'होऊ द्या दादा, दोन टनांनी काय होतंय' असं ऐकू आलं तर हा आकडा मनातल्या मनात म्हणा. मोठ्यानं म्हटलात तर काटा बंद पडेल.

पाठ ५ : गतिरोधकाचा आदर करा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. ताशी २५ किलोमीटरनं गाडी अलगद पलीकडे जावी. असा गतिरोधक दिसला तर उतरून त्याच्यासोबत फोटो काढा.

बाकीचे गतिरोधक गावात अपघात झाल्यावर रातोरात जन्मतात. त्यांची उंची गावकऱ्यांच्या संतापाप्रमाणे ठरते आणि रुंदी हातगाड्यावर उरलेल्या डांबराप्रमाणे. अरुंद, उंच गतिरोधकात गाडीला डुलायला वेळच मिळत नाही, नुसता ठोका बसतो. त्यावर पांढरे पट्टे नसतील तर नाराज होऊ नका. अचानकपणा हाच या शिक्षणाचा आत्मा आहे.

पाठ ६ : उसाच्या ट्रॉलीमागे चाला

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा केला आणि या पट्ट्यानं देशाला सहकार शिकवला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की तोच पट्टा तुम्हाला आडवं दोलन शिकवतो.

एका ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही उसानं फुगलेल्या, आणि टपावर कर्णा. मागची ट्रॉली डावी-उजवी झुलताना नीट बघा. वेग कमी असेल तर एकदा बसलेला झोल आपोआप मरतो. एका विशिष्ट वेगापलीकडे मात्र तो दर हेलकाव्याला वाढतो. तिथं अवमंदन उलटं होतं : हालचाल खाण्याऐवजी गाडीच्या वेगातून ऊर्जा घेऊन ती वाढवतं. वजन ट्रॉलीच्या चाकांच्या मागे जास्त लादलेलं असेल तर हा वेग आणखी खाली येतो. उपाय सोपा आहे, ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी करायचा. पण कारखान्यावर नंबर लागायचा असतो आणि गाणं रंगात आलेलं असतं. तुमच्यासाठी उपाय त्याहून सोपा : मागे राहा, लांब राहा. रात्री मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसेल, तर आणखी लांब राहा.

पाठ ७ : दुधाच्या कॅनचं निरीक्षण करा

सकाळी मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून डेअरीकडे निघालेला शेतकरी हा तुमचा सर्वोत्तम प्राध्यापक. त्याचे भरलेले कॅन गप्प असतात. अर्धा कॅन मात्र आतल्या आत हिंदकळतो, झाकणाला धडका देतो आणि गाडीला बाजूला ओढतो, कारण दुधाला हलायला मोकळी जागा मिळालेली असते. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपल्या पूर्वजांनी प्रयोगाअंतीच लिहिलेलं दिसतं.

डिझेलच्या टँकरच्या पोटात भोकं पाडलेल्या आडव्या भिंती असतात. लाट त्यांतून गाळून निघते आणि मरते. दुधाच्या टाकीत अशा भिंती धुवायला अडचण होते, म्हणून तिथं त्या कित्येकदा नसतात आणि भार ड्रायव्हरच्या पायावर येतो. अर्धा भरलेला दुधाचा टँकर वळणावर दिसला की त्याला सलाम करून आधी जाऊ द्या.

पाठ ८ : अंग शॉकअपला अर्पण करा

आता प्रात्यक्षिक. बसलेल्या माणसाचं धड उभ्या हादऱ्यांना सेकंदाला चार ते आठ वेळांच्या पट्ट्यात सगळ्यांत जास्त हलतं. पोट, मणका, खांदे, सगळे एकाच वेळी गाऊ लागतात. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २६३१ मध्ये सरासरी हादरा ०.३१५ मीटर प्रतिसेकंद वर्ग याच्या खाली असेल तर त्रास नाही, आणि २च्या वर असेल तर कमालीचा त्रास, असं नोंदलं आहे. तुमची सीट त्या मानकात कुठं बसते ते मोजायला यंत्र लागत नाही. बाक सोडून हवेत उडालात, म्हणजे बाक तुमच्यापेक्षा जलद खाली गेला, गुरुत्वाकर्षणाचा ९.८चा आकडा त्यानं मागे टाकला आहे. या क्षणी डोकं सांभाळावं, वर सामानाची फळी आहे.

कंडक्टरकडे बघा. तो तिकिटं फाडत उभा असतो, गुडघे किंचित वाकवलेले, कंबर दांडीला टेकलेली. गुडघा स्प्रिंग, स्नायू शॉकअप. मोटारसायकलवर खड्डा आला की जाणकार सीटवरून उठतात, तेही हेच. तुम्ही मात्र नवशिके आहात, तेव्हा ताठ बसा, दात घट्ट मिटा आणि दोन्ही पाय पुढच्या बाकाला लावा. म्हणजे एकही हादरा वाया न जाता थेट मानेपर्यंत पोचेल. संध्याकाळी अंग दुखेल. ती उष्णतेत गेलेली ऊर्जाच आहे, असं समजून गरम पाण्याची पिशवी घ्या.

पाठ ९ : शैक्षणिक सहल

नगरमध्ये संरक्षण संशोधन संस्थेची, म्हणजे डीआरडीओची, वाहनांवर काम करणारी व्हीआरडीई ही प्रयोगशाळा आहे. गाड्यांची परीक्षा घेण्यासाठी तिच्याकडे खास चाचणीमार्ग आहेत. सरकारचा हा खर्च कुणाला पटत नाही, कारण बाहेर पडल्यावर तेच सगळं फुकट मिळतं.

पुढे रणगाडा संग्रहालय पाहा. ते १९९४ साली सुरू झालं. तिथल्या पॅटन रणगाड्याच्या तळाशी पिळाच्या पोलादी दांड्या आहेत. प्रत्येक चाक एकेका दांडीला पीळ देऊन गचका झेलतं आणि पट्ट्यांमुळे लहान खड्डा तर रणगाड्याला कळतही नाही. दर विचारू नका, प्रवासी वाहन म्हणून ते देत नाहीत.

परदेशी उदाहरण हवंच असेल तर लंडनचं घ्या. तिथला मिलेनियम पादचारी पूल १० जून २००० रोजी उघडला आणि चालणाऱ्यांच्या पावलांनी डोलायला लागला, म्हणून दोन दिवसांत बंद केला. त्यांनी चालणाऱ्यांना अंग सैल सोडायला शिकवलं नाही. पुलालाच जवळपास नव्वद शॉकअप बसवले आणि २००२ मध्ये तो पुन्हा उघडला. या लोकांची दिशा कशी चुकली आहे बघा.

पाठ १० : बारमाही दोलन

शेवटचा धडा रस्त्याच्या स्वतःच्या दोलनाचा आहे. आवर्तकाल बारा महिने. जूनमध्ये पाऊस, जुलैत खड्डे, ऑगस्टात रास्ता रोको, सप्टेंबरात आश्वासन, दिवाळीच्या तोंडावर ठिगळ, मग ऊस, मग पुन्हा पाऊस. आंदोलन नेमकं एक हिसका देतं, व्यवस्था उसळते, आणि कागदांच्या भोकांतून तो हिसका हळूहळू गळून जातो. अवमंदन इथं भरपूर आहे. फक्त ते चुकीच्या ठिकाणी बसवलं आहे : गचक्याला नाही, तक्रारीला.

परीक्षा

मनमाडला उतरल्यावर कुणी विचारेल, 'काय राव, रस्ता कसा होता?' तुम्ही 'मागच्यापेक्षा बराय की' म्हणालात, तर तुम्ही उत्तीर्ण. तुमच्यात अवमंदन इतकं मुरलं आहे की कुठलाही हादरा तुमच्या तोंडून बाहेर येत नाही. प्रशस्तिपत्रक घरी येईल, बहुधा एक्स-रेच्या पाकिटातून.

काही हट्टी विद्यार्थी इतकं शिकूनही खाली उतरताच ओरडतात, अर्ज लिहितात, कोल्हारच्या चौकात जाऊन बसतात. ते नापास. त्यांनी मन छोटं करू नये. या रस्त्यावर आजवर जे काही डांबर पडलं, ते नापासांच्याच जिवावर.